आधी गाडीची सोय, मग झायन

पत्र: "आम्ही बे एरियात राहतो. मे महिन्यात सासू-सासरे साताऱ्याहून येत आहेत. मेमोरियल डेच्या (मेच्या शेवटच्या सोमवारच्या) लाँग वीकेंडला त्यांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन ही नॅशनल पार्क दाखवायचं ठरवलं आहे. पण गेल्या वर्षी माझे आई-बाबा आले होते, तेव्हा लेबर डेच्या सुट्टीत एका प्रसिद्ध नॅशनल पार्कला गेलो आणि सगळ्यांचेच हाल झाले. गेटवर सव्वा तास, आत पार्किंग शोधण्यात दीड तास. शेवटी ह्यांनी आम्हाला रस्त्याकडेला उतरवलं आणि ते गाडी घेऊन फिरत राहिले. फोनला रेंज नाही. पुन्हा भेट झाली तोवर आई रडकुंडीला आली होती. आता हे म्हणतात, सगळं रद्द करू, नुसतं व्हेगास दाखवून परत येऊ. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे. काय करावं?"

प्रिय ताई,

रद्द मुळीच करू नका. तारखा मात्र बदला, आणि बेत आखण्याचा क्रमही बदला. आपण सगळे आधी "काय काय बघायचं" याची यादी करतो, मग हॉटेल शोधतो, आणि गाडी कुठे लावायची हा प्रश्न थेट पार्किंग लॉटमध्ये शिरल्यावर पडतो. या तिन्ही ठिकाणी सुरुवात उलट्या टोकाकडून करायची. दिवसभर गाडी कुठे उभी राहणार हे आधी ठरवायचं. ते एकदा ठरलं की काय बघायचं ते आपोआप जुळून येतं.

तुमच्या पत्रातला तो दीड तास वाचून मला माझ्याच आईचा चेहरा आठवला. अशाच एका पार्कमध्ये आम्ही फेऱ्या मारत होतो. आई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. दर फेरीला कोणीतरी हातात किल्ली घेऊन चालताना दिसायचं, लगेच चार गाड्या गोगलगाईच्या चालीने त्याच्या मागे. तो माणूस डिकीतून पाण्याची बाटली काढून परत निघून जायचा. तिसऱ्यांदा हे झाल्यावर आई म्हणाली, "अरे, खिडकीतूनच बघू की डोंगर, मला चालेल." ते वाक्य मला अजून टोचतं. इतक्या लांबून आलेल्या माणसावर असं म्हणायची वेळ आणायची नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फेऱ्या मारून जागा का मिळत नाही, ते आधी नीट समजून घ्या. मॉलमध्ये माणूस तासाभरात बाहेर पडतो, त्यामुळे थोडं थांबलं की जागा होते. पार्कमध्ये सकाळी आठला लावलेली गाडी दुपारी दोन-तीनपर्यंत हलत नाही, कारण तिचा मालक पायवाटेवर कुठेतरी डबा खात बसलेला असतो. म्हणजे दहा ते दोन या वेळात लॉट भरलेला असतो आणि जवळजवळ गोठलेला असतो. त्या वेळात तुम्ही कितीही हुशारीने गाडी फिरवा, तुमच्या हातात काही नसतं. दोष तुमच्या मिस्टरांचा नव्हता, वेळेचा होता. हे त्यांना जरूर सांगा, कारण "रद्द करू" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेकदा तो अपमानच सलत असतो.

आता झायन. कॅनियनच्या तळाशी एकच अरुंद रस्ता आहे, एका बाजूला व्हर्जिन नदी, दुसरीकडे उभे कडे, आणि पुढे जाऊन तो रस्ता संपतो. आत गेलेली प्रत्येक गाडी त्याच वाटेने बाहेर येणार. त्यामुळे २००० सालापासून तिथे शटल बस सुरू झाली आणि बस चालू असलेल्या काळात, म्हणजे साधारण मार्च ते नोव्हेंबर, त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. २०२१ साली या पार्कला पन्नास लाखांहून जास्त लोक येऊन गेले. एवढी माणसं गाड्या घेऊन त्या चिंचोळ्या जागेत मावणार कशी? बसला तिकीट नाही, वेगळं बुकिंग नाही, आणि पायऱ्या चढू न शकणाऱ्यांनाही तिच्यात बसता येतं. सासूबाईंसाठी ती गाडीपेक्षा बरी, कारण दर थांब्यावर त्यांना दारातच उतरता येईल.

तुमच्या लक्षात आलंच असेल: झायनमधली पार्किंगची मारामारी कॅनियनमध्ये नसतेच, ती व्हिजिटर सेंटरच्या लॉटमध्ये असते. तो लॉट हंगामात सकाळी आठ-नऊपर्यंत भरतो. म्हणून तिथे गाडी न्यायचीच नाही. पार्कच्या दक्षिण गेटाला लागूनच स्प्रिंगडेल गाव आहे. दोन रात्रींची खोली तिथेच घ्या, गाडी हॉटेलच्या आवारात उभी करा आणि तिला तिथेच राहू द्या. गावातून एक वेगळी फुकट शटल धावते, ती तुम्हाला पार्कच्या पायी प्रवेशद्वाराशी सोडते. छोटा पूल ओलांडून आत गेलात की समोर कॅनियनची बस. स्प्रिंगडेलची खोली महाग वाटेल, आणि पाऊण-एक तासावरच्या गावात तीच स्वस्त दिसेल. तो मोह टाळा. त्या स्वस्त खोलीची भरपाई तुम्ही पहाटेच्या ड्राइव्हने आणि पार्किंगच्या टेन्शनने करता.

कॅनियनच्या आत झायन लॉज आहे. तिथे खोली मिळाली तर लॉजपर्यंत गाडी नेण्याची परवानगी मिळते. पण त्या खोल्या कित्येक महिने आधी जातात. रद्द झालेली एखादी दिसली तर लगेच घ्या, तिच्या भरवशावर मात्र राहू नका.

तारखांचं म्हणाल तर सुट्टी सोडू नका, ती उलटी वापरा. शनिवार-रविवारी गर्दी आत जाते आणि सोमवारी दुपारी बाहेर पडते. तुम्ही रविवारी रात्री विमानाने व्हेगासला पोचा आणि सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास निघा. समोरच्या बाजूला परतणाऱ्यांची रांग असेल, तुमची बाजू बऱ्यापैकी मोकळी. मंगळवार ते शुक्रवार पार्क, शनिवारी परत. मिस्टरांना चार दिवसांची रजा घ्यावी लागेल आणि मुलाची शाळा बुडेल. माझं स्पष्ट मत आहे की बुडू द्या. आजी-आजोबांबरोबर झायन बघितलेली पोरं ते आयुष्यभर सांगतात.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. व्हेगास पॅसिफिक वेळेवर चालतं आणि युटा माउंटन वेळेवर, म्हणजे एक तास पुढे. अंतर जेमतेम १६० मैल, पावणेतीन तासांचं. पण सकाळी सहाला व्हेगासहून निघालेला माणूस "नऊच्या आत पोचू" असं म्हणतो आणि पोचतो तेव्हा तिथे पावणेदहा झालेले असतात, लॉट भरून तास उलटलेला असतो. व्हेगासहून एका दिवसात झायन करून येण्याचे किती बेत या एका तासाने फसले असतील! तुमच्या बेतात सोमवारी अकराला निघून वाटेत जेवून साडेतीन-चारला पोचणं आहे, त्यामुळे तास गेला तरी काही बिघडत नाही. उलट चारनंतर गर्दी ओसरायला लागते. खोलीवर चहा घ्या आणि गावातल्या शटलने फेरफटका मारा. त्या दिवसांत संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि मावळतीला वरचे कडे तांबूस होतात. सासूबाईंना त्या दिवशी तेवढंच पुरे.

मंगळवारी पहिल्या एक-दोन बसमध्ये बसायचं. नऊनंतर बससाठीही रांग लागते, सातला जवळजवळ नसते. साताऱ्याहून आलेली मंडळी पहाटे चारला जागी होऊन किचनमध्ये भांड्यांचा आवाज न करता चहा करायची धडपड करत असतात, ते तुम्ही बघितलंच असेल. एरवी जेट लॅगचा त्रास, पण या कामाला वरदान. ते आल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत ही ट्रिप बसवता आली तर सकाळी कोणाला उठवावंच लागणार नाही, तुमच्या मुलाखेरीज. आदल्या रात्री थर्मास भरून ठेवा, दशम्या-चटणी बांधून घ्या. पहाटे हॉटेलच्या नाश्त्यासाठी थांबलात तर पहिली बस गेलीच.

बसने थेट शेवटच्या, नवव्या थांब्यापर्यंत जा, टेंपल ऑफ सिनावावा. तिथून नदीकाठाने रिव्हरसाइड वॉक नावाची फरसबंदी वाट आहे, एका बाजूने मैलभर. सासूबाईंना जमेल तेवढं चालू द्या, मध्ये बसायला जागा आहेत. मुलाला आणि मिस्टरांना पुढे नदीच्या पाण्यात उतरायचं असेल तर त्या दिवशी पाण्याचा जोर किती आहे ते आधी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. मेमध्ये बर्फ वितळत असतं, पाणी थंड आणि जोरात असू शकतं. एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या अवघड वाटेसाठी २०२२ पासून परमिट लागतं. तुमच्या या ट्रिपमध्ये त्या वाटेला जाऊच नका.

साडेदहा-अकराला, बाकीचे रांगेत उभे असताना, तुम्ही परत फिरा. दुपारी खोलीवर पडा. चारनंतर वाटलं तर पुन्हा एकदा बस. शेवटची बस किती वाजता सुटते ते सकाळीच थांब्यावर बघून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ती चुकली तर परत मैलोन् मैल पायपीट, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर तो धोका पत्करायचा नाही.

एक मोह सांगून ठेवते. बुधवारी ब्राइसला जाताना तुम्ही झायनच्या पूर्वेकडच्या बोगद्यातून जाल. १९३० साली खुला झालेला हा मैलाहून लांब बोगदा, मुलगा खूश होईल. बाहेर पडताक्षणी कॅनियन ओव्हरलुकची छोटीशी वाट आहे आणि तिथलं पार्किंग म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा. त्या मिळाल्या तर नशीब, नाही मिळाल्या तर एक मिनिटही थांबू नका. तिथे लोक रस्त्याकडेच्या मातीत चाक घालून गाडी लावतात. तसं करू नका, दंडासाठी म्हणून नव्हे. या वाळवंटातल्या मातीवर शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजीवांची एक काळपट खरबरीत साय धरलेली असते. तीच माती धरून ठेवते, पाणी मुरवते. टायरखाली एका क्षणात चिरडलेली ती साय पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. मुलाला उतरवून ती जवळून दाखवा, हात न लावता. त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

ब्राइसबद्दल थोडक्यात. तिथेही शटल आहे, पण सक्तीची नाही. दुपारच्या मुक्कामाला गाडी पार्कच्या अलीकडच्या शटल स्टेशनवर लावून आत बसने जा. सकाळी लवकर जाणार असाल तर गाडी नेली तरी चालेल. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही अर्ध्या मैलाची सपाट वाट सासूबाईंसाठी उत्तम, आणि खालचे ते लाल सुळके तिथूनच सर्वांत छान दिसतात. उंची ८,००० फुटांच्या आसपास आहे, पहाटे मेमध्येही स्वेटर-कानटोपी लागते. सासरेबुवांना दम लागला तर घाई करू नका.

ग्रँड कॅनियनला मात्र नीट लक्ष द्या, कारण गेटवरचा तुमचा सव्वा तास तिथे पुन्हा वाट्याला येऊ शकतो. बहुतेक लोक दक्षिण गेटाने येतात, विल्यम्स आणि टुसायान या गावांकडून, आणि रांग तिथेच लागते. तुम्ही ब्राइसकडून येणार, म्हणजे गुरुवारी पेज या गावी मुक्काम करून शुक्रवारी सकाळी हायवे ८९ ने कॅमेरॉनपर्यंत या आणि तिथून पश्चिमेला वळा. तुम्ही पूर्वेच्या, डेझर्ट व्ह्यूच्या गेटाने आत शिराल. तिथे रांग सहसा कमी, आणि पहिलंच दर्शन १९३२ साली बांधलेल्या दगडी वॉचटॉवरच्या शेजारून. तिथून पार्कच्या आतल्या गावाकडे, ग्रँड कॅनियन व्हिलेजकडे जाणारा वीस-पंचवीस मैलांचा रस्ता कड्याच्या काठाकाठाने जातो, ठिकठिकाणी थांबे आहेत. घड्याळाची गंमत इथे पुन्हा: ॲरिझोना उन्हाळ्यात तास पुढे करत नाही, पण वाटेतला नवाहो लोकांचा प्रदेश करतो. फोनवरची वेळ मागेपुढे उड्या मारेल. त्या दिवशी हातातल्या घड्याळावर ॲरिझोनाची वेळ लावा आणि तीच धरा.

गावात खोली मिळाली तर गाडी तिथे लावून टाका, नाहीतर टुसायानला राहा. आतल्या सगळ्या बस फुकट आहेत. पश्चिमेकडचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, तिथे बसच जाते. मात्र सासूबाईंना बसमध्ये चढ-उतार अगदीच झेपत नसेल, तर अशा लोकांसाठी गाडी आत नेण्याचं तात्पुरतं परमिट गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतं. मागायला संकोच करू नका, ते त्यांच्यासाठीच आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून वीकेंडची गर्दी चढेल. तुमची गाडी आधीच लागलेली असेल. शनिवारी सूर्योदय बघा, नाश्ता करा आणि बाहेर पडा. समोरची आत येणारी रांग बघून तुमच्या मिस्टरांना जे समाधान मिळेल त्याला तोड नाही.

पुढे कधी सासरे एकटे आले किंवा कोणालाच गाडी चालवायची नसली, तर विल्यम्सहून थेट काठापर्यंत रेल्वे जाते. १९०१ साली सुरू झालेली, मध्यंतरी वीस वर्षं बंद पडलेली, १९८९ पासून पुन्हा धावणारी. गाडी विल्यम्सला स्टेशनजवळ ठेवायची आणि सव्वादोन तासांत ६४ मैल. आपल्याकडच्या ज्येष्ठांना आगगाडी म्हटलं की चेहऱ्यावर जे हसू येतं ते मी बघितलं आहे.

गेटवर वेळ आणखी एका कारणाने जातो: पैसे आणि कागद. २०२६ पासून ११ मोठ्या पार्कमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्कावर १०० डॉलर जास्त द्यावे लागतात, आणि तुमची तिन्ही ठिकाणं त्या अकरांत आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पासही आहे. सासू-सासऱ्यांचा हिशेब दोघं गुणिले तीन पार्क असा मांडलात तर पास घेणंच शहाणपणाचं हे लगेच दिसेल. कोणत्या पासवर गाडीतलं कोण कोण येतं, ते पार्क सेवेच्या (नॅशनल पार्क सर्व्हिसच्या) वेबसाइटवर घरी बसून वाचा, पास आधीच ऑनलाइन घ्या, आणि पासपोर्ट, ओळखपत्रं सूटकेसमध्ये न ठेवता तुमच्या हातातल्या पर्समध्ये ठेवा. खिडकीशी गाडी थांबवून मागची डिकी उघडायची वेळ येऊ नये.

योसेमिटी, ग्लेशियर, आर्चेस, रॉकी माउंटन यांच्यापैकी कुठे पुढच्या वेळी जाणार असाल तर गाडीसाठी आगाऊ वेळ आरक्षित करावी लागते का, हे दर वर्षी नव्याने बघा. हे नियम एका वर्षी असतात आणि पुढच्या वर्षी नसतात. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी दिलेली माहिती धरून निघू नका.

आणि शेवटी, तुमच्या आईंना रडू आलं त्या गोष्टीबद्दल. झायनच्या कॅनियनमध्ये रेंज जवळजवळ नसते. पार्क सेवेचं ॲप आणि नकाशे हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, पण सासूबाई त्यावर विसंबणार नाहीत, आणि विसंबूही नये. पहिल्या बसमध्ये बसल्याबसल्याच सगळ्यांना एक गोष्ट सांगा: चुकामूक झाली तर कोणी कोणाला शोधायचं नाही, बस पकडून पाचव्या थांब्यावर उतरायचं, झायन लॉज. लॉजसमोर हिरवळ आहे आणि तिच्यात कॉटनवूडचं एक मोठं झाड. त्याच्या सावलीत बसून राहायचं. सासूबाईंच्या पर्समध्ये एका चिठ्ठीवर "५" लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात, आणि खाली तुमचा नंबर. नातवाला सांगा, आजीला तो आकडा विचारत राहा.

तुमची,
सल्लागार ताई